‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणण्याआधी : मायक्रोसर्व्हिसेसनी एरर एकाच भाषेत कशी सांगावी

मागच्या व्याख्यानात आपण एका मोठ्या ॲप्लिकेशनच्या लहान लहान सर्व्हिसेस कशा करायच्या ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. सर्व्हिसेस वेगळ्या झाल्या, टीम वेगळ्या झाल्या, प्रत्येकीची भाषा आणि फ्रेमवर्क वेगळं झालं. मग एखादी गोष्ट बिघडली की या सगळ्या सर्व्हिसेस एकमेकींना काय सांगतात, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं का?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, नाटकाची तिकिटं विकणारी एक साईट आहे. आत चार सर्व्हिसेस आहेत : आसनांची, सवलतीच्या कूपनची, पेमेंटची आणि एसएमएस पाठवणारी. या चौघींना हाक मारणारी पाचवी म्हणजे बुकिंग सर्व्हिस. शनिवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं, ‘बी’ रांगेतली ७ आणि ८ नंबरची, एकूण १,००० रुपयांची.

आता ‘नाही’ कशी सांगितली जाते बघा. आसन दुसऱ्याने घेतलं असेल तर आसनांची सर्व्हिस स्टेटस कोड २०० देते, म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि आत जेसनमध्ये लिहिते ‘सक्सेस : फॉल्स’. कूपन संपलं असेल तर कूपन सर्व्हिस ४०४ देते. पण तिच्या पत्त्यात टायपिंगची चूक झाली तरी ४०४ येतो. पेमेंटवाली कुठल्याही कारणाने अडली की ५०० देते आणि सोबत जावाचा चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस. एसएमएसवाली कायम २०० देते, कधी कधी रिकाम्या बॉडीसकट.

बुकिंग सर्व्हिस लिहिणाऱ्या मुलीने काय करायचं? ती चार वेगवेगळे ‘इफ’ लिहिते आणि शेवटी कंटाळून एकच संदेश टाकते : ‘काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ प्रेक्षक पुन्हा बटण दाबतो आणि १,००० रुपये दोनदा कापले जातात. पहिल्या वेळी पेमेंट झालं होतं, फक्त उत्तर उशिरा आलं.

ऐकणाऱ्याचा प्रश्न एकच असतो

बहुतेक टीम हे प्रमाणीकरण सुरू करतात ते जेसनच्या आकारापासून. ‘डेटा’ आत ठेवायचा की बाहेर, ‘मेसेज’ म्हणायचं की ‘एरर मेसेज’, यावर तीन मीटिंगा होतात. आकार ठरवायला हवाच, पण तो दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा असा की एरर मिळालेल्या सर्व्हिसला एकच प्रश्न असतो : मी आता काय करू?

त्याची उत्तरं मुख्यतः तीन. एक, तुझी मागणीच मान्य होण्यासारखी नाही, तशीच पुन्हा पाठवू नकोस. दोन, मागणी बरोबर आहे, मी आत्ता करू शकत नाही आणि काही केलेलंही नाही, थोड्या वेळाने ये. तीन, काम झालं की नाही हे मलाच ठाऊक नाही. पहिल्या दोन उत्तरांची सगळ्यांना सवय असते. तिसरं उत्तर बहुतेक एपीआयमध्ये देण्याची सोयच नसते, आणि पैसे तिथेच अडकतात.

बँकांच्या जगाने हा प्रश्न फार आधी हाताळला. कार्डाच्या व्यवहारांसाठी आयएसओ ८५८३ हे मानक १९८७ साली आलं. त्यात उत्तराचे ठरलेले कोड असतात : ‘५१’ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, ‘५४’ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ‘९१’ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेशी संपर्क होत नाही. मशीन एका कंपनीचं, बँक दुसरी, देश तिसरा, तरी ‘९१’ चा अर्थ तोच. आणि उत्तरच आलं नाही तर? त्यासाठी वेगळा ‘रिव्हर्सल’ संदेश आहे : मघाचा व्यवहार झाला असेल तर रद्द कर. म्हणजे ‘माहीत नाही’ ही अवस्था त्यांनी मानकातच धरली होती.

स्टेटस कोड खरं बोलू दे

आपल्याकडे पहिला थर एचटीटीपीचा. ४०० च्या घरातले कोड म्हणजे मागणाऱ्याकडे काही बदलायला हवं, ५०० च्या घरातले म्हणजे देणाऱ्याकडे बिघाड. एररला २०० दिला तर काय बिघडतं, असं विचारतात. बिघडतं असं की मधली यंत्रणा तुमचं जेसन सहसा वाचत नाही. लोड बॅलन्सर, कॅश, मॉनिटरिंग, सर्किट ब्रेकर हे सगळे स्टेटस कोड पाहतात. आसनांची सर्व्हिस रात्रभर फक्त ‘सक्सेस : फॉल्स’ देत राहिली तरी डॅशबोर्ड हिरवागार दिसेल.

आपल्या नाटकासाठी एवढे कोड पुरतात. मागणीचा आकारच चुकला तर ४००. लॉगिन नाही तर ४०१, लॉगिन आहे पण परवानगी नाही तर ४०३. आसन दुसऱ्याने घेतलं तर ४०९, कारण मागणी बरोबर आहे पण सध्याच्या स्थितीशी तिचा संघर्ष आहे. आकार बरोबर पण आशय चालत नाही, म्हणजे कूपनची मुदत संपलेली, तर ४२२. फार वेळा विचारलं तर ४२९, सर्व्हिस तात्पुरती बंद तर ५०३. या दोन्हींसोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर द्या. ‘थोड्या वेळाने ये’ म्हणायचं तर किती वेळाने ते सांगायला नको का?

आकार : आरएफसी ९४५७

दुसरा थर बॉडीचा. इथे नवा शोध लावायची गरज नाही. २०१६ साली आरएफसी ७८०७ आलं, २०२३ मध्ये त्याची जागा आरएफसी ९४५७ ने घेतली. नाव ‘प्रॉब्लेम डिटेल्स’. त्यात पाच फील्ड आहेत. आसनाची एरर त्यात बसवू :

टाइप : या प्रकारच्या एररची कायमची ओळख, एका यूआरआयच्या रूपात. इथे ‘आसन-आधीच-आरक्षित’.
टायटल : त्या प्रकाराचं छोटं नाव, दर वेळी तेच. ‘आसन उपलब्ध नाही’.
स्टेटस : ४०९.
डिटेल : या वेळी नेमकं काय झालं. ‘बी-७ हे आसन दुसऱ्या बुकिंगमध्ये गेलं आहे.’
इन्स्टन्स : या एका घटनेची ओळख, म्हणजे नंतर शोधता येईल.

शिवाय तुम्ही स्वतःची फील्ड जोडू शकता, आणि ओळखीची नसलेली फील्ड ऐकणाऱ्याने सोडून द्यावीत असा नियम आहे. म्हणून उद्या नवं फील्ड आलं तरी जुना क्लायंट मोडत नाही. मी सुचवेन, एक जोडाच : ‘पुढे काय’. त्याच्या किंमती तीनच : ‘बदलून पाठवा’, ‘नंतर पाठवा’, ‘स्थिती तपासा’. मघाची आपली तीन उत्तरं तीच.

एक गोष्ट अधोरेखित करतो. प्रोग्रामने निर्णय घ्यायचा तो ‘टाइप’ पाहून, ‘डिटेल’ वाचून नाही. ‘डिटेल’ माणसांसाठी असतं. एका सर्व्हिसने संदेशातल्या शब्दांवर ‘इफ’ लावला आणि दुसऱ्या टीमने तो संदेश इंग्रजीतून मराठीत केला, की त्या दिवशी बुकिंग बंद पडणार. उलट ‘टाइप’ पक्का असेल तर त्याच एररचा संदेश मराठी, कोकणी, हिंदी, हव्या त्या भाषेत दाखवता येतो.

यशस्वी उत्तरांचंही थोडक्यात सांगतो. तारखा एकाच पद्धतीने, वेळेच्या फरकासकट, म्हणजे आपल्याकडे +०५:३० लिहून. रक्कम पैशांत, पूर्णांकात : १,००० रुपये म्हणजे १,००,०००. दशांश आकड्यांत पैसे ठेवले की बेरजा हलतात. आणि शोधात एकही प्रयोग सापडला नाही तर २०० आणि रिकामी यादी. ती एरर नव्हे.

साखळीत एरर जशीच्या तशी वर ढकलू नका

समजा, पेमेंट सर्व्हिसची बँकेसाठीची चावी कालबाह्य झाली. बँकेने ४०१ दिला. पेमेंटने तो तसाच बुकिंगला दिला, बुकिंगने ब्राउझरला. ब्राउझरला ४०१ चा अर्थ ठाऊक आहे : वापरणाऱ्याचं लॉगिन संपलं. म्हणून तो प्रेक्षकाला लॉगआउट करतो. प्रेक्षक पुन्हा लॉगिन करतो, पुन्हा बाहेर फेकला जातो. त्याची चूक काय?

म्हणून प्रत्येक सीमेवर अर्थाचं भाषांतर करायचं. बँकेचा ४०१ हा प्रेक्षकाच्या दृष्टीने आपल्या घरातला बिघाड आहे, बाहेर ५०२ किंवा ५०० जायला हवा. खरं कारण लॉगमध्ये ठेवा. स्टॅक ट्रेस, टेबलांची नावं, आतले पत्ते बाहेर पाठवायचे नाहीत, ती चोराला दिलेली घराची नक्कल होते.

मग बाहेरची एरर आणि आतला लॉग जोडायचा कसा? ट्रेस आयडीने. डब्ल्यूथ्रीसीचं ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ हे मानक आहे. त्यातल्या ‘ट्रेसपॅरेंट’ हेडरमध्ये ३२ अक्षरांचा एक क्रमांक असतो, आणि तो सगळ्या सर्व्हिसेसमधून तसाच पुढे जातो. प्रॉब्लेम डिटेल्समध्ये तोही द्या. प्रेक्षकाने फोनवर तो क्रमांक सांगितला की पाचही सर्व्हिसेसचे लॉग एका शोधात समोर येतात.

पुन्हा पाठवण्याचा हिशोब

आता ‘नंतर पाठवा’चा धोका. गेटवे बुकिंगला हाक मारतो, बुकिंग पेमेंटला, पेमेंट बँकेच्या ॲडॅप्टरला. तिघांनीही काळजीपोटी तीन-तीन प्रयत्न ठेवले आहेत. ॲडॅप्टर दमला की एका प्रेक्षकाच्या एका क्लिकमागे त्याच्यावर ३ × ३ × ३, म्हणजे २७ रिक्वेस्ट आदळतात. जो आधीच दमलाय त्याला सगळे मिळून झोपवतात. म्हणून रिट्राय कोणत्या एका थरावर होणार हे ठरवा, प्रत्येक प्रयत्नामधलं अंतर वाढवत न्या, आणि त्यात थोडी यादृच्छिकता घाला, म्हणजे सगळे एकाच क्षणी परत येणार नाहीत.

आणि तिसरं उत्तर : ‘माहीत नाही’. बुकिंग १० सेकंद थांबली, पेमेंटला १२ लागली. टाइमआउट झाला याचा अर्थ काम झालं नाही, असा होत नाही. इथे आयडेम्पोटन्सी की लागते. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. बुकिंगने पहिल्याच वेळी एक क्रमांक तयार करायचा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा. पेमेंट सर्व्हिसने तो नोंदवून ठेवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवं पेमेंट न करता आधीचंच उत्तर द्यायचं. स्ट्राइपसारख्या पेमेंट कंपन्यांच्या एपीआयमध्ये ही सोय उघडपणे दिलेली आहे. सोबत त्या क्रमांकाची स्थिती विचारायची एक जागा ठेवा. मग पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ऐवजी लिहिता येतं : ‘पेमेंट तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका.’

हे किती गंभीर आहे? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबद्दल परिपत्रकच काढलं. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमचं ‘माहीत नाही’ समोरच्याच्या घरात महिन्याच्या किराण्याचे पैसे अडकवू शकतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*आम्ही आत जीआरपीसी वापरतो. हे सगळं तिथे लागू होतं का?*

होतं, आणि थोडं सोपं जातं. तिथे ‘ओके’ धरून १७ कोड ठरलेले आहेत, आणि पुढे काय करायचं याचं मार्गदर्शनही आहे. ‘अनअव्हेलेबल’ असेल तर तोच कॉल पुन्हा करता येतो. ‘अबॉर्टेड’ असेल तर वरच्या पातळीपासून पुन्हा सुरुवात. ‘फेल्ड प्रीकंडिशन’ असेल तर स्थिती दुरुस्त होईपर्यंत पुन्हा पाठवू नये. ‘डेडलाइन एक्सीडेड’बद्दल तर स्पष्ट म्हटलंय की काम यशस्वी झालेलं असूनही ही एरर येऊ शकते. बाहेर पडताना गेटवेवर या कोडचं एचटीटीपीत भाषांतर एकाच जागी करा.

*सगळ्यांसाठी एक कॉमन लायब्ररी केली तर काम भागेल का?*

मदत होईल, भागणार नाही. लायब्ररी एका भाषेपुरती असते, आणि ती बदलली की सगळ्यांना एकदम बदलावं लागतं. करार भाषेच्या बाहेर ठेवा : एररच्या प्रकारांची एक यादी रिपॉझिटरीत असू दे, प्रत्येक प्रकारापुढे अर्थ, स्टेटस आणि ‘पुढे काय’. नवा प्रकार आला की त्यावर रिव्ह्यू होऊ दे. आणि प्रत्येक सर्व्हिसच्या बिल्डमध्ये अशी टेस्ट घाला की यादीबाहेरची एरर दिसली तर बिल्ड थांबेल.

*जुने एपीआय चालू आहेत. ते सगळे बदलायचे का?*

एकदम नाही. जुन्या २०० वर कोणाचा तरी कोड उभा आहे, तो उद्या पडेल. नवीन एंडपॉइंट नव्या पद्धतीने लिहा. जुन्यांना नवी आवृत्ती द्या आणि जुनी कधी बंद होणार ती तारीख जाहीर करा. सुरुवात कुठून करायची हे विचाराल तर पेमेंटपासून. तिथल्या प्रत्येक एररपुढे ‘बदलून पाठवा’, ‘नंतर पाठवा’ की ‘स्थिती तपासा’, एवढं लिहून काढा. जिथे टीममध्ये दोघांची दोन उत्तरं येतील, तिथे ग्राहकाचे पैसे आजही अडकत असण्याची शक्यता आहे. तिथून काम सुरू करा.