ओल्या पायांची फरशी

पोहण्याचा तलाव जुना झाल्याचे आधी पायाला कळते. तळाशी पाय टेकला की फुटक्या टाइलची धार लागते, पायरीवर बोटे सरकतात, काठाचा दगड हाताखाली डुगडुगतो. मग सभासदांच्या तक्रारी, समितीची बैठक, निधीची मंजुरी असे सगळे यथासांग होते आणि चारपाच मंडळी टाइलच्या दुकानात जातात. माझ्या मते गोष्ट बिघडते ती तिथेच. दुकानात टाइल भिंतीला उभी असते, कोरडी असते, तिच्यावर दिव्यांचा झोत असतो. तलावात ती आडवी असणार, ओली असणार, वर वैशाखाचे ऊन असणार आणि माणसे अनवाणी असणार. एका कवीने फरशीत नाक का खुपसावे, असे तुम्ही विचाराल. पण पायाखाली काय आहे हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

दुकानात जाण्याआधी एक काम आहे. जुनी टाइल का सुटली ते शोधायचे. टाइल पाणी अडवते असा आपला समज असतो. पाणी अडवते ते तिच्या मागचे काँक्रीट आणि त्यावरचा जलरोधक थर. टाइल हा नुसता अंगरखा. मोहेंजोदडोचे महास्नानगृह बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल अशा त्या कुंडाच्या विटा त्यांनी कडेवर उभ्या करून जिप्समच्या चुन्यात बसवल्या आणि मागे नैसर्गिक डांबराचा थर दिला.

तेव्हा गवंड्याला लाकडी मूठ घेऊन तळावर फिरू द्यावे. घट्ट बसलेली टाइल खणखणीत वाजते, सुटलेली बद्द वाजते. बद्द आवाज इकडेतिकडे विखुरलेला असेल तर दोष चिकटवण्यात आहे. तो एका रेषेत जात असेल तर खाली काँक्रीटला तडा असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडच्या काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे नवल नाही. तो तडा न बुजवता वर कितीही महाग टाइल लावली तरी ती त्याच रेषेत पुन्हा उकलेल. दुरुस्तीनंतर आणि टाइल लावण्याआधी टाकी आठवडाभर भरून ठेवावी, पाण्याची पातळी रोज खडूने टिपावी. बाष्पीभवनाने थोडे पाणी जाणारच, ते शेजारी ठेवलेल्या भरल्या बादलीवरून ताडता येते. आणि भर पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये. जमिनीतले पाणी वर आले की रिकामी टाकी खालून उचलली जाते, होडीसारखीच.

आता दगड. आपल्याकडे काठाला लागतात त्या फरश्या म्हणजे कर्नाटकातली शहाबादी, राजस्थानातला कोटा आणि आंध्रातला कडप्पा. तिघेही चुनखडीचे भाऊबंद. चुनखडीचे आम्लाशी वैर असते. दगडाच्या तुकड्यावर लिंबू पिळून तासाभराने पुसून पाहा, चकाकी गेलेला डाग दिसेल. तलावाच्या पाण्याचा सामू राखायला बऱ्याच ठिकाणी आम्ल घालतात, टाइल घासायलाही तेच वापरतात. ते काठावर सांडत राहिले की चुनखडीचा दगड वर्षागणिक खरवडला जातो. काळा कडप्पा त्याशिवाय दुपारी तव्यासारखा तापतो. लहान मुले टाचांवर उड्या मारत पाण्याकडे पळतात ती त्यामुळे, आणि तलावाच्या काठावर पळणे म्हणजे पडणे.

ग्रॅनाइटला आम्लाचे भय फारसे नाही, पण तो ज्वाळेने खरबरीत केलेला आणि फिक्या रंगाचा घ्यावा. आरशासारखा घोटलेला ग्रॅनाइट ओल्या जागेत लावणे हा मला सरळसरळ अविचार वाटतो. मशिदीत वजूच्या हौदाशी म्हातारी माणसे ओल्या पायांनी उठतात-बसतात. अशाच एका हौदाचा खरबरीत जुना काठ काढून तिथे चकचकीत ग्रॅनाइट बसवलेला मी पाहिला आहे. पुढे त्यावर रबरी पट्ट्या अंथराव्या लागल्या. दगडाचे पैसे गेले, पट्ट्यांचे गेले, आणि दगड काही दिसत नाही.

जुना दगड शाबूत असेल, नुसता गुळगुळीत झाला असेल, तर तो काढूच नये. पाट्या-वरवंट्याला टाकी लावतात तशी त्यालाही जागच्या जागी टाकी लावता येते. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण तर याला उत्तम. यात खर्च कमी, आणि जो दगड इतकी वर्षे ऊन-पाणी सोसून टिकला त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही.

टाइलची परीक्षा मात्र घ्यावी लागते. विक्रेता सांगतो, ‘साहेब, ही अँटिस्किड आहे.’ कशावरून? जर्मनीत यासाठी एक कसोटी ठरली आहे. टाइल लावलेल्या फळीवर साबणाचे पाणी सोडतात, माणूस तिच्यावर अनवाणी चालतो आणि फळी हळूहळू कलती करत नेतात. निदान १२ अंशांपर्यंत पाय धरून राहिला तर वर्ग ‘ए’, १८ पर्यंत ‘बी’, २४ पर्यंत ‘सी’. कपडे बदलण्याच्या कोरड्या जागेला ‘ए’ चालते, शॉवर आणि तलावाच्या काठाला ‘बी’ लागते, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना ‘सी’. दुकानात ‘आर’ अक्षरापुढे आकडा दाखवतात ती कसोटी निराळी. तिथे माणसाच्या पायात बूट असतात आणि फळीवर तेल. कारखान्याला ती ठीक. आपण अनवाणी पायांचा आकडा मागावा. कोणी देत नसेल तर नमुना घरी आणावा, साबणाच्या पाण्याने भिजवावा आणि कशाला तरी धरून त्यावर टाच फिरवून पाहावी.

दुसरी परीक्षा पाणी शोषण्याची. स्वयंपाकघराच्या भिंतीची साधी टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. म्हणजे एक किलोच्या टाइलमागे पाच ग्रॅमही नाही. टाइलच्या उघड्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका. झटकन जिरले तर ती टाइल तलावाची नव्हे. पण जी पाणी पीत नाही ती सिमेंटचा रबडाही पीत नाही. म्हणून तिला पाण्याखाली टिकणारा पॉलिमरयुक्त चिकटा हवा, आणि तो संपूर्ण पाठीला लागला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबण्याची सवय गवंड्याला मोडायला लावावी. पाण्याच्या रेषेवरचा पट्टा गुळगुळीत घेतला तर चांगले. अंगाचे तेल तिथेच साचते आणि रोज घासावे लागते. दरजा भरायला परवडत असेल तर इपॉक्सी घ्यावी, आम्ल आणि मऊ पाणी सिमेंटच्या दरजा खातात.

रंगाबद्दल मी जरा हट्टी आहे. सध्या मोठ्या हॉटेलांची नक्कल म्हणून गडद निळा, राखी, अगदी काळासुद्धा तळ करतात. छायाचित्रात तो देखणा दिसतो. पण बुडणारे मूल बहुधा हाका मारत नाही, ते मुकाट खाली जाते. फिक्या तळावर काठावरच्या जीवरक्षकाला ते दिसते, गडद तळावर ते सावलीत मिसळून जाते. पाण्यातून धाप टाकत वर यायला माणसाला जी मिनिटे मिळतात ती फार थोडी असतात. म्हणून तळ पांढरा किंवा अगदी फिका असावा, त्यावर पोहण्याच्या मार्गिकांच्या गडद रेषा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी गडद पट्टी. निळाईची काळजी करू नये. पाणी स्वतःच प्रकाशातला तांबूस भाग थोडा गिळते, त्यामुळे पांढऱ्या टाकीतही ते निळसर दिसते. तो रंग विकत घ्यावा लागत नाही.

सगळा तळ न बदलता थोड्याच टाइल बदलायच्या असतील तर जुन्याशी जवळपास जुळणारी छटा शोधत हिंडू नये. जवळपास जुळणारा रंग ठिगळासारखा दिसतो. त्याऐवजी एका भिंतीच्या चांगल्या टाइल जपून काढून त्या दुरुस्तीला वापराव्यात आणि ती भिंत पूर्ण नवी करावी. नव्या टाइलची सगळी खोकी एकाच बॅचची आहेत ना, हे माल उतरवतानाच पाहावे. चारदोन खोकी जास्त घ्यावीत, त्यांवर साल लिहावे आणि पंपाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवून द्यावीत.