रिकाम्या इमारतीला आग कशी लागते?

वीज तोडलेली, माणसे हललेली, मग आग लागणार कशी? अनेकदा उत्तर साधे असते. कोणीतरी आसऱ्याला शिरते, शेकोटी किंवा मेणबत्ती पेटवते. साचलेली रद्दी आणि जुने लाकूड लगेच पेट घेते. आत कोणीच राहत नसल्याने धूर बाहेर दिसेपर्यंत आग पसरलेली असते.

अमेरिकेतील वूस्टर शहरात 3 डिसेंबर 1999 रोजी हेच घडले. बंद पडलेल्या सहा मजली शीतगृहात दोन बेघरांची मेणबत्ती कलंडली. ते निघून गेले, पण आत माणसे असतील म्हणून जवान शिरले. धुरात दोघांची वाट चुकली. त्यांना शोधायला गेलेले चौघेही परतले नाहीत.

दुसरा धोका कोसळण्याचा. मुंबईच्या जुन्या इमारतींत तुळया, जिने लाकडी असतात. ते जळाले की मजलेच खाली येतात. मे 2015 मध्ये काळबादेवीत अशीच जुनी इमारत आगीत कोसळली आणि अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा जीव गेला.

मुंबई महापालिका अतिधोकादायक इमारतींना ‘सी-1’ श्रेणीत टाकते, म्हणजे रिकामी करून पाडायची. मात्र रिकामी करणे आणि पाडणे यांत बराच काळ गेला, तर धोका उरतोच. तोवर दारे-खिडक्या पक्क्या बंद करणे, वीज-गॅस तोडणे आणि कचरा उचलणे गरजेचे.

अशा इमारतीतून धूर दिसला तर 101 वर कळवावे. आत कोणी राहते का, हे माहीत असल्यास आवर्जून सांगावे. जवानांना आत शिरायचे की नाही, हे त्यावरच ठरते.