मंगळावरील कोळी

गेल्या सुटींत आमच्या नातवानें एक छायाचित्र पुढें ठेवून विचारलें, "आजोबा, मंगळावर कोळी आहेत का हो?" चित्रांत भूमीवर अनेक पायांच्या काळसर आकृति पसरल्या होत्या. उत्तरापूर्वीं मीं त्याला एक जुनी हकीकत सांगितली. तीच वाचकांपुढें ठेवितों.

इ. स. १८७७ मध्यें इटलींतील शियापारेल्ली या ज्योतिर्विदानें मंगळावर कांहीं रेषा पाहून त्यांस 'कानाली' म्हटलें. त्या शब्दाचा अर्थ नुसते चर असाहि होतो. पण इंग्रजींत त्याचे कालवे झाले. कालवे आले म्हणजे खणणारेहि आलेच! ते तेथील बुद्धिमान प्राण्यांनीं खणले, असें अमेरिकेंतील लॉवेल यानें ग्रंथांतून प्रतिपादिलें. पुढें १९६५ सालीं 'मरीनर ४' यानानें जवळून छायाचित्रें घेतलीं. त्यांत कालव्यांचा मागमूसहि नव्हता.

आतां या कोळ्यांकडे वळूं. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाकडे हिंवाळ्यांत हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, गोठून त्याचा काचेसारखा थर भूमीवर बसतो. वसंतांत सूर्यकिरण त्यांतून आरपार जाऊन खालची माती तापवितात. तेव्हां तळचा बर्फ पाणी न होतां एकदम वायुरूप होतो. वर झांकण घट्ट, खालीं वायु कोंडलेला! शेवटीं थरास तडा जाऊन वायु धुळीसह उसळतो, आणि चोहोंकडून त्या छिद्राकडे धांवतांना जमिनींत चर खोदतो. हेच कोळ्याचे पाय! कांहींचा विस्तार एक किलोमीटरहूनहि अधिक असतो.

ही उपपत्ति ह्यू कीफर व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं मांडली. पण धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, तें स्वयंपाकघरांत दोहोंचें साहचर्य आधीं पाहिलेलें असतें म्हणून, असें आपले नैयायिक सांगतात. शास्त्रज्ञांनींहि तसें स्वयंपाकघर मांडलें. कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेंत अतिशीत, विरळ हवेच्या पात्रांत मंगळासारख्या मातीवर हा वायु गोठवून खालून ऊब दिली, तों बर्फ फुटून लोट उसळला! शिवाय मातीच्या कणांमध्येंहि बर्फ धरून तिला तडे जातात, असें आढळलें. हा वृत्तांत २०२४ सालीं प्रसिद्ध झाला.

नातवास म्हणालों, "बाळ, तेथें कोळी नाहींत. नांव देणें क्षणाचें काम; कारण दाखविणें वर्षांचें." तो कांहीं बोलला नाहीं, पण सायंकाळीं चुलीवरील भाताच्या पातेल्याचें झांकण हालूं लागलें, तेव्हां तो तेथें बसून एकटक पाहत होता.