अनेकांची छायाचित्रे, एकच दुर्गदर्शन

पेण तालुक्यातील सांकशी किंवा रोह्याजवळील अवचितगड येथे जाणारे पर्यटक कोणी तटाचे, तर कोणी पाण्याच्या टाक्याचे छायाचित्र घेऊन परततात. ही सुटी छायाचित्रे एकत्र आणल्यास त्यांतून दुर्गाचे त्रिमिती दर्शन घडविता येते. यामागील शास्त्र म्हणजे छायाचित्रमापन होय.

दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निराळ्या कोनांतून दिसते, म्हणून आपणांस अंतर उमगते. त्याचप्रमाणे एकच दगड अनेक छायाचित्रांत ओळखून संगणक प्रत्येक छायाचित्र कोठून घेतले आणि तो दगड कोठे आहे, याचे गणित मांडतो. असे असंख्य बिंदू जुळले की तट व पायऱ्या साकार होतात आणि पाहणाऱ्यास गडावर फिरल्याचा प्रत्यय येतो. वॉशिंग्टन विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २००६ मध्ये पर्यटकांच्या छायाचित्रांवर हा प्रयोग यशस्वी केला. त्यातून निघालेली ‘फोटोसिंथ’ सेवा २०१७ मध्ये बंद झाली. तंत्र मात्र टिकले. गावठाणांच्या ड्रोन मोजणीतही हेच तत्त्व उपयोगी पडते.

यासाठी लगतच्या छायाचित्रांत बराचसा भाग सामाईक असावा लागतो. शिवाय त्यांतून आकार कळला, तरी खरे माप कळत नाही. त्याकरिता ज्ञात लांबीची पट्टी एकाहून अधिक छायाचित्रांत असणे उपयुक्त ठरते.

कोकणातील पावसात तट ढासळल्यास कोणता दगड कोठे होता, याची साक्ष देण्यास पूर्वी घेतलेली छायाचित्रेच उरतात. म्हणून ती आजच दिनांकासह जतन करणे हिताचे ठरेल.