चढ किती, लांबी किती?

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या बारामतीला आला तो दोन खोकी घेऊनच. एकात रूळ आणि वायरी, दुसऱ्यात इंजिन आणि दहा मालडबे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ते पाहून आल्यापासून पोराला हा नाद लागलेला. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान गाडी, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

माडीवरच्या खोलीत त्याला दोन मजली रेल्वे करायची होती. खाली एक गाव, त्याच्या ४० सेंटिमीटर वर दुसरं गाव. प्रश्न एवढाच, की गाडी खालून वर न्यायची कशी? सरळ चढ द्यायला खोली पुरत नव्हती. अशा वेळी रूळ गोलगोल फिरवत वर नेतात, मळसूत्रासारखे. त्याला हेलिक्स म्हणतात. आम्हा डॉक्टरांना हा आकार ओळखीचा. कानाच्या आत शंखासारखी जी नळी असते ती सुमारे अडीच वेढ्यांची. जागा थोडी आणि लांबी जास्त, असा पेच आला की निसर्गही गुंडाळतो.

पहिला हेलिक्स त्यानं जागा वाचवण्यासाठी लहान केला. गोलाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. एका फेऱ्यात गाडी १० सेंटिमीटर वर चढली पाहिजे, कारण खालच्या रुळावरून जाणाऱ्या डब्यांना डोक्यावर मोकळी जागा हवी, शिवाय प्लायवूडची जाडी. बटण दाबलं. इंजिननं अर्धा फेरा कसाबसा मारला आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. थोडं ढकलून मदत केली, तर मधले डबे आतल्या बाजूला कलंडले.

दाराशी व्हीलचेअरवर बसून माझे वडील हे पाहत होते. तात्या इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. वय ८४. पावसाळ्यात मोरीत घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. वॉकर धरून घरात चार पावलं टाकतात, पण बाहेर जायचं तर व्हीलचेअर लागते. त्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना उचलून माडीवर आणलं होतं.

"इंजिनाला शिव्या देऊ नकोस," तात्या पुतण्याला म्हणाले. "परिघ काढ आधी."

परिघ निघाला १८८ सेंटिमीटर. १८८ ला १० चढ, म्हणजे १९ ला १. तात्या म्हणाले, "हा तर माथेरानचा चढ झाला. तिथं गाडीला डबे किती असतात?"

खरंच होतं. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि तिचा चढ आहे २० ला १. म्हणून ती गाडी छोटी आणि हळू. मोठ्या लोहमार्गाला एवढा चढ झेपत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर नेली तेव्हा चढ ठेवला ३७ ला १. तेवढ्यालाही आज कर्जतहून गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजवायला घाट लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पुलावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहावा. चढावर त्याची पुढची चाकं हलकी होतात. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूनं कापत येते. पुढून ओढ आणि मागून वजन असलं की मधलं सगळं सरळ रेषेत यायला पाहतं, म्हणजे गोलाच्या आतल्या बाजूला खेचलं जातं. आमचे डबे कलंडले ते त्यामुळेच.

दुसऱ्या हेलिक्सची त्रिज्या ६० सेंटिमीटर घेतली. परिघ झाला ३७७. चढ तोच १०, पण प्रमाण ३८ ला १, जवळजवळ बोरघाटाचं. चार फेरे, १५ मीटर रूळ. पट्ट्या पेलायला आटे असलेल्या लोखंडी सळया उभ्या केल्या, म्हणजे नट फिरवून उंची हवी तशी कमी-जास्त करता येते. चढाची सुरुवात आणि शेवट एकदम न करता हळूहळू केला, नाहीतर तिथं डबे सुटतात. जड डबे इंजिनाजवळ, हलके मागे लावले. गाडी आठ डब्यांसह वर पोचली.

पोरानं टाळी वाजवली. तात्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

"आणि काय हो डॉक्टर, माझ्या रॅम्पचा चढ किती?"

मला उत्तर आलं नाही. तात्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात मी ओट्यापुढे सिमेंटचा रॅम्प करून घेतला होता. गवंड्याला सांगितलं, पायऱ्यांवरून उतार काढ. लांबी, उंची काही विचारलं नाही. आता टेप लावली. ओटा ४५ सेंटिमीटर उंच, रॅम्प १८० सेंटिमीटर लांब. चढ ४ ला १. माथेरानच्या पाचपट तीव्र.

याचा अर्थ किलोत सांगतो. तात्या आणि खुर्ची मिळून वजन ८५ किलो. ४ ला १ च्या चढावर खुर्ची नुसती धरून ठेवायला सुमारे २१ किलोचा जोर लागतो. १२ ला १ च्या चढावर तोच जोर ७ किलोंवर येतो. मी दवाखान्यात असताना खुर्ची ढकलणारी माझी आई ७६ वर्षांची. रॅम्प झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तिच्या हातून खुर्ची मागे सरकली होती. मी नेमका फाटकात होतो, म्हणून धरली. त्यानंतर तात्या पारावर जायचं नाव काढेनासे झाले. मी समजलो, त्यांचा उत्साह गेला. त्यांचा उत्साह गेला नव्हता. आईच्या मनगटांची त्यांना काळजी होती आणि ते माझ्याजवळ बोलले नव्हते.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी रोज सांगतो, म्हाताऱ्या माणसाला खाटेवर ठेवू नका. पडून राहिलं की स्नायू झपाट्यानं उतरतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, मन खचतं. हे सांगणाऱ्यानं स्वतःच्या घरात बापाला चार महिने ओट्याच्या आत अडकवून ठेवलं होतं.

व्हीलचेअरसाठीचं मान्य प्रमाण १२ ला १ आहे. ४५ सेंटिमीटरला ५४० सेंटिमीटर लांबी. आमचं अंगण फाटकापर्यंत साडेचार मीटरच. पुतण्या म्हणाला, "काका, गोल फिरवू की!" पण इथे हेलिक्स चालत नाही. गोलात आतलं चाक कमी अंतरात तेवढंच चढतं. अडीच मीटर त्रिज्येच्या बाहेरच्या कडेला चढ १२ ला १ ठेवला, तर दीड मीटरच्या आतल्या कडेला तो ७ ला १ होतो आणि खुर्ची तिरकी होते. रुळांना ते चालतं, माणसाला नाही.

उपाय बोरघाटातच होता. खंडाळ्याजवळ पूर्वी गाडी एका सपाट टोकाला थांबवून उलट दिशेनं पुढचा चढ चढवत. आम्हीही तेच केलं. पावणेतीन मीटरची एक बाजू, दीड मीटरचा सपाट टप्पा, तिथं वळून परत पावणेतीन मीटर. सगळं अंगणात बसलं.

ज्यांच्या घरी अशी गरज आहे त्यांनी एवढं पाहावं. उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, १२ नं गुणा. तेवढी लांबी हवीच. रुंदी निदान ९० सेंटिमीटर. वळण नेहमी सपाट टप्प्यावर. दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि चाक घसरू नये म्हणून खाली छोटी कड. गुळगुळीत फरशी नको, खरबरीत कोबा करा. तीव्र उतारावर खुर्ची उतरवावीच लागली तर पाठमोरी उतरवा, म्हणजे माणूस पुढे फेकला जात नाही. चालणाऱ्या आजी-आजोबांना मात्र रॅम्पपेक्षा कठडा असलेल्या कमी उंचीच्या पायऱ्या कधी कधी सोप्या जातात. म्हणून पायऱ्या पूर्ण बुजवू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतीही सर्वांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी टाकली आहे. पण रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो किती लांब आहे, हे विचारावं.

नवा रॅम्प सुकल्यावर आईनं तात्यांना एकटीनं खाली नेलं, पारावर नेलं, परत आणलं. मी दवाखान्यात होतो, संध्याकाळी कळलं. आता तात्यांच्या खुर्चीच्या पिशवीत टेप असते. परवा पेन्शनच्या कामाला बाहेर पडले तेव्हा तिथल्या दारातला रॅम्प त्यांनी आईकडून मोजून घेतला. साडेपाच ला १ निघाला. घरी आल्या आल्या त्यांनी कागद मागवला आणि अर्ज लिहायला बसले.