पुस्तकात क्यूआर कोड आला, पण वर्गात काय बदललं?

३ डिसेंबर २०२०. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. १४० हून अधिक देशांतून १२ हजारांवर नामांकनं आली होती. बक्षीस होतं १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी ९ शिक्षकांना वाटून टाकली. तेव्हापासून 'क्यूआर कोडवाले डिसले गुरुजी' ही त्यांची ओळख घरोघरी पोहोचली.

पण क्यूआर कोड तर चहाच्या टपरीवरही चिकटवलेला असतो. मग पुस्तकातल्या कोडचं एवढं कौतुक कशासाठी?

कोडमध्ये असतं तरी काय?

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने आणला. गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद पटापट ठेवता यावी, हा उद्देश होता. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, त्यामुळे पुस्तक उलटं धरलं तरी कोड वाचता येतो. त्यात थोडी जास्तीची माहितीही भरलेली असते, म्हणून थोडासा भाग मळला किंवा फाटला तरी काम अडत नाही. मुलांच्या दप्तराची अवस्था बघता हे फारच सोयीचं!

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. व्हिडिओ कोडमध्ये नसतो, कोडमध्ये असतो फक्त त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर काय ठेवायचं, ते माणूसच ठरवतो. डिसले गुरुजींचं खरं काम इथेच दिसतं.

२००९ मध्ये ते परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. पुरस्कार देणाऱ्या वर्की फाउंडेशनच्या माहितीनुसार, तिथल्या मुलींना घरच्या कन्नडमुळे मराठी पुस्तकं अवघड जात होती. गुरुजी ती भाषा शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं नव्याने मांडली आणि कोडमागे कविता, गोष्टी, धडे आणि गृहपाठ ठेवले. म्हणजे मुलांना काय समजत नाही हे आधी शोधलं, तंत्रज्ञान नंतर आलं.

विद्यार्थी केंद्रस्थानी म्हणजे नेमकं काय?

समजा, वर्गात ३० मुलं आहेत आणि भागाकार चालू आहे. दहा जणांना लगेच कळतो, बाकीचे मान डोलावतात. प्रोजेक्टर लावून सगळ्यांना एकच व्हिडिओ दाखवला तरी हेच होतं. फळ्याच्या जागी पडदा आला, वेग मात्र सगळ्यांना एकच राहिला.

तोच व्हिडिओ मुलांच्या हातात दिला, की अडलेलं मूल तो थांबवतं, मागे नेतं, पुन्हा बघतं. 'सर, परत सांगा' म्हणायची लाज वाटत नाही. आणि तोवर शिक्षक मोकळे होतात. ज्या चार मुलांना हातचा घेता येत नाही, त्यांच्याशेजारी जाऊन बसायला त्यांना वेळ मिळतो.

मग गोंदियातल्या प्रतापगडात हे जमेल?

साताऱ्याचा नाही, हा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखला जाणारा. हा पट्टा झाडीबोलीचा आणि गोंदिया जिल्ह्यात गोंडी बोलणारी कुटुंबंही आहेत. घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी, हा परितेवाडीचा प्रश्न अशा भागातल्या शाळांनाही भेटतो.

साधनं आहेत. केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर त्याचे कोड छापलेले असतात. नेटवर्क नसलं तरी मार्ग आहे. रेंज असलेल्या ठिकाणी शिक्षक धडा डाउनलोड करून ठेवू शकतात आणि वर्गात तो इंटरनेटशिवाय चालतो. घरी एकच फोन असेल आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतावर जात असेल, तर वर्गातच पाच मुलांचा गट करून एका फोनवर काम होऊ शकतं. फक्त फोन दरवेळी हुशार मुलाच्याच हातात राहणार नाही, याकडे लक्ष ठेवावं लागतं.

राहिला भाषेचा प्रश्न. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं सांगतं. मात्र छापील कोडमागचा धडा झाडीबोलीत आपोआप येणार नाही. त्यासाठी शिक्षकांना गावातल्या एखाद्या आजीसमोर फोनचं रेकॉर्डिंग चालू करावं लागेल. तिने सांगितलेल्या गोष्टीचा दुवा मोफत साधनांनी कोडमध्ये बदलता येतो, आणि तो छापून धड्याशेजारी चिकटवायला लागतो एक कागद आणि थोडा डिंक.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी शाळा 'डिजिटल' झाल्याचा फोटो फॉरवर्ड होऊन आला, तर एवढंच बघा: त्या फोटोत पडदा मोठा दिसतोय, की मुलं काहीतरी करताना दिसतायत?