पावसापूर्वीची नऊ वर्षे



गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुका हा धानाचा मुलूख. पऱ्हे टाकावे, ते वाढावे आणि बांधीत पाणी साचले की रोवणी करावी, हा तेथील शेतकऱ्याचा क्रम. एखाद्या वर्षी आषाढ कोरडा जातो. पऱ्हे पिवळे पडतात, बियाण्यासाठी काढलेले कर्ज मात्र वाढत राहते. अशा वेळी ‘देवावर विश्वास ठेवा’ असे कोणी म्हटले, तर ते शब्द पोकळ वाटतात, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नासरशी गोव्याचे संत जोसेफ वाझ आठवतात. कारण त्यांच्या चरित्रातही असाच एक दुष्काळ आहे. १६९६ साली सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कँडीच्या राज्यात पाऊस पडेना. दुसरा विमलधर्मसूर्य हा तेथील बौद्ध राजा. त्याने फादर वाझ यांना प्रार्थना करण्यास सांगितले. भर चौकात वेदी मांडून व क्रूस उभा करून त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला. वेदी आणि फादर तेवढे कोरडे राहिले, अशीही परंपरा सांगते. राजाने त्यांना राज्यभर सुवार्ताप्रसाराची मोकळीक दिली.

प्रवचनांतून आपण ही हकिकत ऐकतो व तेथेच थांबतो. माझ्या मते शिकण्यासारखे आहे ते त्याआधीच्या नऊ वर्षांत.

बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ साली सिलोनला पोहोचले. डचांनी १६५८ मध्ये जाफना जिंकले होते. कॅथलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती आणि भाविक जवळजवळ तीस वर्षे मिस्साबलीला पारखे झाले होते. फादर वाझ भिकाऱ्याच्या वेषात उतरले, तेही आजाराने खंगलेले. कॅथलिक कोण हे उघडपणे विचारणे शक्य नव्हते. म्हणून गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले आणि ती पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, हे निरखत राहिले. पुढे रात्रीच्या अंधारात मिस्साबली, पापनिवेदन, स्नानसंस्कार सुरू झाले.

१६९२ मध्ये ते कँडीला गेले, तर पोर्तुगीजांचा हेर या संशयावरून कैदेत पडले. सुटकेची चिन्हे नव्हती. तेथे त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकून घेतली. कैदेच्या आवारातच झोपडीवजा प्रार्थनागृह उभारले. गोव्याहून मदतीचे धर्मगुरू येईपर्यंत हा माणूस त्या बेटावर एकटा होता.

अब्राहामाला वचन मिळाले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा शंभर. मधली पंचवीस वर्षे त्याने तंबू हलवले, गुरे राखली. विश्वासाचा बराचसा काळ असाच, रोजच्या कामात जातो. कोरड्या आषाढात पुन्हा पऱ्हे टाकणारा शेतकरी हे पुस्तकाविना जाणतो.

आणि पाऊस आला म्हणजे सारे सुरळीत झाले, असेही नाही. पुढच्याच वर्षी, १६९७ मध्ये, कँडीत देवीची साथ आली. राजा शहर सोडून गेला, लोकांनी आप्तांना वाऱ्यावर सोडले. तेव्हा चौकात वेदी मांडल्याचे कोणी सांगत नाही. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रोग्यांना औषधपाणी दिले, मृतांना मूठमाती दिली.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणालाही ठाऊक नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी, दुसऱ्या चमत्काराची अट न ठेवता, कोलंबो येथे संतपद बहाल केले.

त्यांचा सण १६ जानेवारीला येतो. तोवर गोरेगावकडे मळणी आटोपलेली असते. कोणाच्या घरी धान आलेले असते, कोणाच्या घरी नसते.